माझा आवडता जलचर प्राणी : वर्णन लिहायला आपण खरंच शिकवतो का?



आपल्या ब्लॉगवर नेहमी मी तयार निबंध, पाठाची टिपणं, उपक्रम टाकते. आज तयार निबंध नाही. आज माझी एक चूक सांगायची आहे आणि त्या चुकीवरून सुचलेलं एक मत मांडायचं आहे. पटलं तर बघा, नाही पटलं तर तसं सांगा.

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, 'माझा आवडता जलचर प्राणी'. दहा ओळी, पाच गुण. वह्या तपासायला घेतल्या. तुम्हालाही अनुभव असेल, पहिल्या चार वह्यांनंतर पाचवीत काय असणार ते डोळे मिटून सांगता येतं. डॉल्फिन, डॉल्फिन, देवमासा, डॉल्फिन. 'डॉल्फिन हा बुद्धिमान प्राणी आहे. तो माणसाचा मित्र आहे. तो मला खूप खूप आवडतो.' आमची शाळा लालबाग-परळच्या पट्ट्यातली. यातल्या किती मुलांनी डॉल्फिन पाहिला असेल? बहुतेक एकानेही नाही. पण वाक्यं बरोबर, शुद्धलेखन बरं, म्हणून मी चार-साडेचार गुण देत गेले.

मग एक वही आली. या मुलीची आजी मासळी विकते. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणते आणि बाजारात बसते. मुलीने लिहिलं होतं कोळंबीवर. तिच्या ओळी मला आता पाठ आहेत. कोळंबीला चालायचे दहा पाय असतात आणि पोटाखाली पोहायचे दहा वेगळे. चालायच्या पायांतल्या पुढच्या तीन जोड्यांना टोकाला बारीक चिमटे असतात, मागच्या दोन जोड्यांना नसतात. डोक्यावर काटा असतो, त्याला वरून दात असतात. टायगर कोळंबीच्या काट्याला खालूनही दात असतात, चैतीला नसतात. शेवटी लिहिलं होतं, 'आजी न बघता हाताने ओळखते.'

मी काय केलं? 'भावना नाहीत. आवडण्याचे कारण लिहिले नाही. विषयांतर' असा शेरा मारला आणि दोन गुण दिले.

वही परत घेताना शेजारच्या बाकावरून कुणीतरी 'वास येतो' म्हणालं आणि दोन-तीन मुलं हसली. मी 'शांत बसा' म्हटलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. त्यानंतर ती मुलगी वर्गात कोळंबीबद्दल कधी बोलली नाही. पुढचा निबंध तिने डॉल्फिनसारखाच लिहिला. छान, गोल, सगळ्यांसारखा. तिला साडेचार मिळाले.

तिच्या ओळी आणि शास्त्रज्ञांच्या ओळी

हे माझ्या डोक्यात राहिलं नसतं. पण जानेवारी २०२५ मध्ये एक बातमी वाचली. व्हिएतनामच्या समुद्रात सापडलेल्या एका प्रचंड कवचधारी प्राण्याला शास्त्रज्ञांनी नवं नाव दिलं होतं, 'बॅथिनोमस वेडेराय'. ओल्या मातीत चौदा पायांचे छोटे राखाडी किडे दिसतात, काही जातीचे तर हात लावला की गोळा होतात, त्यांचाच हा समुद्रातला चुलत भाऊ म्हणा. पण लांबी साडेबत्तीस सेंटीमीटर आणि वजन किलोच्या वर! तोंडाकडचा भाग 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या डार्थ वेडरच्या शिरस्त्राणासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा प्राणी शास्त्रज्ञांना पाणबुडीतून बुडी मारून मिळाला नाही. तिथले मच्छीमार तो आधीपासून पकडत होते, बाजारात आणि हॉटेलांत तो विकला जात होता. शास्त्रज्ञांनी क्वी न्योन शहरातल्या मच्छीमारांकडून तो मिळवला, जवळच्या प्रजातींशी ताडून पाहिला आणि मग लक्षात आलं की याला नावच नाही.

म्हणजे हजारो लोकांच्या हातांतून गेलेला प्राणी नवा ठरला, कारण कुणीतरी बसून त्याचं नीट वर्णन केलं.

मग मी थोडं वाचत गेले. नव्या प्रजातीचं वर्णन करतात म्हणजे नक्की काय करतात? एक नमुना ठरवतात. तो कुठे, किती खोलीवर, कधी मिळाला याची नोंद करतात. तो संग्रहालयात जपून ठेवतात, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तोच नमुना काढून पाहता येतो. मग त्याचे अवयव क्रमाने लिहितात. काट्यावर वर किती दात, खाली किती. कोणत्या पायाला चिमटा आहे, कोणत्या नाही. शेपटीचा पंखा कसा. सोबत रेखाचित्रं काढतात. जवळच्या प्रजातींपेक्षा हा कुठे वेगळा ते सांगतात. मग दोन शब्दांचं नाव देतात आणि सगळं छापून प्रसिद्ध करतात. प्राण्यांना अशी दोन शब्दांची नावं देण्याची सुरुवात लिनियसच्या १७५८ सालच्या पुस्तकापासून धरतात.

आता वर जाऊन त्या मुलीच्या ओळी पुन्हा वाचा. पुढच्या तीन जोड्यांना चिमटे ही आपल्या नेहमीच्या कोळंबीच्या गटाची खूण आहे. कोळंबीसारखाच दिसणारा दुसरा एक मोठा गट आहे, त्यात पुढच्या दोनच जोड्यांना चिमटे असतात. काट्याला खालून दात आहेत की नाहीत, यावरून तर टायगर आणि चैती यांचे गटच वेगळे होतात. चौथीतल्या पोरीने आजीशेजारी कोळंबी सोलताना हे पाहिलं होतं. आणि मी त्याला 'विषयांतर' म्हटलं होतं.

मुंबईच्या गोदीतून निघालेलं जहाज

तुम्ही म्हणाल, खोल समुद्र, नव्या प्रजाती हे सगळं परदेशातलं. आपल्या गिरगाव-दादरच्या शाळांचा त्याच्याशी काय संबंध? आहे, आणि जवळचा आहे.

फोर्टमध्ये लायन गेटवरून आपण कितीदा जातो. आत नौदलाची गोदी आहे. तीच जुनी मुंबई गोदी. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने तिथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. याच गोदीत १८८१ साली 'इन्व्हेस्टिगेटर' नावाची लाकडी आगबोट बांधली गेली, बाजूला पाणी कापणारी मोठी चाकं असलेली. तिचं मुख्य काम किनाऱ्यांची आणि खोलीची मोजणी करून नकाशे बनवणं. पण जहाजावरचा डॉक्टर हा निसर्गतज्ज्ञही असे. मोजणीच्या कामातून सवड मिळाली की समुद्राच्या तळाशी जाळं सोडायचं आणि वर येईल ते तपासायचं, हे त्याचं काम.

आल्फ्रेड अल्कॉक हा असाच एक डॉक्टर. १८८८ ते १८९२ तो या जहाजावर होता आणि नंतर कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, अंदमान, इथून शेकडो वाव खोलीवरून जे वर आलं त्यात कोळंब्या, शेवंडं, खेकडे यांच्या कितीतरी प्रजाती अशा होत्या की ज्यांना तोवर नावच नव्हतं. वाव म्हणजे साधारण सहा फूट, आपले कोळी बांधव हे माप जाणतात. अल्कॉकने आणि त्याच्या आधीचे म्युझियमप्रमुख जेम्स वुड-मेसन यांनी त्यांची वर्णनं केली. १९०१ साली अल्कॉकने भारतीय समुद्रातल्या खोल पाण्यातील कवचधारी प्राण्यांची सूचीच छापली. त्यातल्या एका कोळंबीला त्याने वुड-मेसनचं नाव दिलं, 'हेटेरोकार्पस वुडमेसोनी'. पुढे १९३८ मध्ये रमादान नावाच्या संशोधकाने खोल पाण्यातल्या दुसऱ्या एका लाल कोळंबीला अल्कॉकचं नाव दिलं, 'ॲरिस्टेअस अल्कॉकी'. या दोन्ही कोळंब्या आज केरळात कोल्लमच्या बाजूच्या बंदरांत टोपल्या भरून उतरतात.

यातली एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार महत्त्वाची वाटते. त्या जहाजाने आणलेल्या प्राण्यांची जी सुंदर चित्रं छापली गेली, ती काढणारे चित्रकार आपलेच होते, ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल. पायाची प्रत्येक सांध, काट्याचा प्रत्येक दात त्यांनी नजरेने टिपला. प्रजातीच्या नावापुढे त्यांचं नाव लागत नाही. पण त्यांच्या निरीक्षणाशिवाय ते वर्णन अर्धंच राहिलं असतं.

आणि ही गोष्ट जुन्या काळात संपत नाही. २०१६ साली सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या पाच नव्या प्रजातींचं वर्णन प्रसिद्ध झालं. संशोधक होते समीर कुमार पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे. त्यातल्या एका खेकड्याचं नाव 'गुबर्नेटोरियाना अल्कॉकी'. अल्कॉकने समुद्राइतकाच गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवरही अभ्यास केला होता, म्हणून त्याची आठवण आपल्या घाटातल्या खेकड्याच्या नावात आली. २०२३ मध्ये केरळच्या संशोधकांनी कोल्लमच्या समुद्रातल्या एका खोल पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यांत राहणारा छोटा कवचधारी परजीवी शोधला आणि त्याला नाव दिलं 'ब्रुसेथोआ इस्रो'. होय, आपल्या इस्रोवरून! हे वर्गात सांगून बघा, मुलं टाळ्या वाजवतात.

नाव नाही, तर नोंद नाही

'पण बाई, नाव असलं काय नि नसलं काय, चव तीच!' असं एक पालक मला हसत म्हणाले. चिंबोरीचं उदाहरण घ्या. खाडीतली मोठी चिंबोरी आपण वर्षानुवर्षं खातो. पुस्तकांत तिला बरीच वर्षं एकच प्रजाती धरत होते. १९९८ साली शास्त्रज्ञांनी कपाळावरचे दाते, नांगीच्या मनगटावरचे काटे आणि आनुवंशिक तपासणी यांवरून दाखवलं की या चार वेगळ्या प्रजाती आहेत. चौघींची वाढ वेगळी, आवडीची जागा वेगळी. एकच समजून किती पकडायच्या याचा हिशेब केला, तर चारपैकी एखादी संपत आली तरी आपल्याला कळणार नाही.

खोल समुद्रात तर हा प्रश्न आणखी मोठा आहे. तळाशी धातूंचे गोळे पसरलेले आहेत, मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट यांचे. आपल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'गवेषणी' जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोळे पहिल्यांदा वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे शोधकार्यासाठी आहे. तीन माणसांना ६ हजार मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी आपण बनवतो आहोत. अभिमानाची गोष्ट आहेच. पण प्रशांत महासागरातल्या अशाच एका गोळ्यांच्या पट्ट्याचा हिशेब २०२३ मध्ये मांडला गेला. तिथे ५,५७८ प्रजाती असाव्यात आणि त्यातल्या साधारण नव्वद टक्क्यांना अजून नावच नाही! उद्या खाणकाम झालं आणि त्यातलं काही नाहीसं झालं, तर काय गेलं हे सांगायलाही शब्द नसेल.

शिवाय हे काम करणारी माणसं कमी आहेत. २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं की नमुना पहिल्यांदा गोळा केल्यापासून त्याचं वर्णन छापून यायला सरासरी २१ वर्षं लागतात. एकवीस वर्षं तो बाटलीत पडून असतो. बाटली आहे, प्राणी आहे, पण त्याच्याकडे बघणारा, मोजणारा, लिहिणारा माणूस नाही.

हा माणूस येणार कुठून? माझं मत असं की तो चौथीच्या वर्गातून येतो. आणि आपण त्याला दोन गुण देऊन परत पाठवतो.

माझं म्हणणं

सगळी मुलं शास्त्रज्ञ व्हावीत असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं मराठीच्या तासापुरतं आहे. 'वर्णनात्मक निबंध' असं आपण म्हणतो, पण त्यात वर्णन नसतं. कौतुक असतं. 'खूप सुंदर', 'अतिशय उपयुक्त', 'मला फार आवडतो'. मूल वस्तूकडे बघतच नाही, ते गाईडकडे बघतं. आणि जे मूल खरंच बघतं, त्याला आपल्या गुणदानात जागा नाही.

भावना नकोत असंही नाही. 'आजी न बघता हाताने ओळखते' या वाक्यात भावना नव्हती? मला ती दिसली नाही, कारण तिथे 'खूप' हा शब्द नव्हता.

दुसरी गोष्ट भाषेची. जवळा, करंदी, कोळंबी, चैती, शेवंड, चिंबोरी, सोडे. इंग्रजी माध्यमातली मुलं या सगळ्याला दोन-तीन शब्दांत गुंडाळतात. आपल्याकडे एकेकाला नाव आहे, कारण कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या नीट पाहिलं. जवळ्याचंच घ्या. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या, जवळ्याला तीनच, मागच्या दोन नसतातच. म्हणजे जवळा ही लहान कोळंबी नाही, तो वेगळाच प्राणी आहे. आपल्या भाषेने त्याला वेगळं नाव दिलेलंच आहे. हे शब्द ज्या घरांत अजून जिवंत आहेत, त्या घरातल्या मुलांना वर्गात 'वास येतो' ऐकावं लागतं. हे मला मान्य नाही. आणि त्या दिवशी मी 'शांत बसा' एवढंच म्हटलं, हेही मला आता मान्य नाही.

वर्गात काय करून पाहिलं

यंदा मी निबंधाआधी एक तास 'बघण्याचा तास' ठेवते. रीत सोपी आहे.

१. वस्तू समोर हवी. चित्र नको, आठवण नको.

२. पहिली पाच वाक्यं मोजता येतील अशीच लिहायची. किती पाय, किती पाकळ्या, किती लांब. पट्टी वापरायची.

३. 'सुंदर', 'छान', 'खूप' हे शब्द त्या पाच वाक्यांत बंद.

४. दोन सारख्या वस्तू शेजारी ठेवून फरक लिहायचा. लिंबाचं आणि जांभळाचं पान. काळी मुंगी आणि लाल मुंगी.

५. चित्र काढायचं आणि भागांना नावं द्यायची. घरात जे नाव वापरतात तेच. आजी-आजोबांना विचारून आलं तर उत्तमच.

६. शेवटी दोन वाक्यं मनातली.

एक अडचण आधीच सांगते. आमच्या वर्गात शाकाहारी घरांतली मुलं बरीच आहेत. त्यांच्यासमोर कोळंबी आणून ठेवणं मला बरोबर वाटलं नाही आणि ठेवलीही नाही. ज्याने त्याने आपली वस्तू निवडायची. एकाने जास्वंद आणली, एकाने मुंगी पाहिली, एकीने आईच्या टोपलीतली गवार आणि चवळी. फक्त एक नियम सगळ्यांना, दुसऱ्याच्या वस्तूला नाक मुरडायचं नाही. पालकांनो, हा नियम घरीही चालवता आला तर बघा.

जमलं तर एखाद्या रविवारी सकाळी मुलांना ससून डॉकला किंवा जवळच्या मासळी बाजारात घेऊन जा. विकत काही घेऊ नका हवं तर. तीन लाल ठिपक्यांचा खेकडा आणि पाठीवर क्रॉससारखी खूण असलेला खेकडा शोधायला सांगा. कोळीण मावशींना नावं विचारा. गर्दीच्या वेळी मध्ये उभे राहू नका म्हणजे झालं, त्यांचा धंदा असतो.

मोठ्या मुलांना युरिथिनीस प्लॅस्टिकसची गोष्ट सांगा. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत, सहा हजार मीटरपेक्षा खोल पाण्यात मिळालेला हा छोटा कवचधारी प्राणी. २०२० मध्ये वर्णन करताना शास्त्रज्ञांना त्याच्या पोटात प्लॅस्टिकचा तंतू मिळाला, बाटल्यांच्या प्लॅस्टिकशी जुळणारा. म्हणून नावच प्लॅस्टिकस. आपण नाव देण्याआधी आपला कचरा तिथे पोचला होता. यावर मुलं काय बोलतात ते ऐका, फळ्यावर लिहून ठेवा.

आणि ती मुलगी

ती आता पाचवीत आहे. मी तिला बोलावून सांगितलं की मागच्या वर्षी मी चुकले होते. तिची जुनी वही मागवून घेतली, दोनवर काट मारून साडेचार केले आणि खाली सही केली. अर्धा गुण शुद्धलेखनाचा कापला, तो कापायलाच हवा होता. मग तिला चौथीच्या वर्गात नेलं आणि कोळंबीच्या पायांचं चित्र फळ्यावर काढायला सांगितलं. तिने काढलं. पुढच्या तीन जोड्यांना चिमटे, मागच्या दोनांना नाहीत.

जाताना तिने विचारलं, "बाई, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क मिळतील?"

मी "माझ्या वर्गात मिळतील" एवढंच म्हणू शकले. पुढच्या वर्गात, दुसऱ्या शाळेत तिचा पेपर तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात येईल. तिला काय उत्तर द्यायचं, ते तुम्ही मला कळवा.